चंद्रावर कायमचा तळ आणि अमेरिकेचे कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे डिसेंबर २०२५ अखेरपर्यंतचे कायदे आणि आदेश धरून लिहिली आहेत. रकमा डॉलरमध्ये आहेत. १ अब्ज म्हणजे १०० कोटी. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ज्या सालात संपते त्या सालाच्या नावाने ओळखले जाते. एवढे ध्यानात ठेवले की निम्मा गोंधळ टळतो.

चंद्रावर कायमचा तळ उभारा, असे सांगणारा कायदा अमेरिकेत खरोखर आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. ३० डिसेंबर २००५ रोजी सही झालेल्या नासा अधिकृतता कायद्याने नासाच्या प्रशासकांना सांगितले की चंद्रावर माणसाचा टिकाऊ वावर निर्माण करणारा कार्यक्रम सुरू करा. २००८ च्या कायद्याने तळाच्या अटी घातल्या आणि त्याचे नावही ठरवून टाकले. २०१० च्या कायद्याने रॉकेट कसे असावे ते लिहिले. ९ ऑगस्ट २०२२ च्या 'चिप्स अँड सायन्स' कायद्याने नासात 'मून टू मार्स' कार्यालय उघडायला लावले. हा कायदा मुळात सेमीकंडक्टरचा; नासाचा भाग त्याच्या पोटात बसवला होता.

म्हणजे 'कायदा नाही म्हणून काम अडले' असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. २००५ ची तरतूद अमेरिकी संहितेच्या ५१ व्या खंडात आजही आहे, फक्त तिच्यात पुढे एक छोटी दुरुस्ती झाली. 'चंद्रावर' या शब्दाच्या आधी 'पृथ्वी-चंद्रादरम्यानच्या अवकाशात किंवा' एवढे शब्द घुसले. त्या एका 'किंवा'मुळे चंद्राभोवती फिरणारे स्थानक बांधले तरी कायद्याची पूर्तता झाली असे म्हणता येते, जमिनीवर एक खांब रोवला नाही तरी!

मग वीस वर्षांत चंद्रावर एक वीटही का नाही?

सरकारी कामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लगेच कळेल. रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळते, फलक लागतो, नारळ फुटतो आणि निधीचे शीर्ष कोरेच राहते. अमेरिकेतही दोन वेगळे कायदे लागतात. अधिकृतता कायदा म्हणजे प्रशासकीय मान्यता: काय करायचे, कुणी करायचे, जास्तीत जास्त किती खर्चायचे. विनियोजन कायदा म्हणजे प्रत्यक्ष निधी. पहिल्यात कितीही अब्ज लिहिले तरी दुसऱ्याशिवाय नासाच्या खात्यात एक सेंट येत नाही. निधीविना खर्चाची जबाबदारी घेणे हा तर तिथे कायद्याचा भंग ठरतो.

एक उदाहरण नीट पाहू. २०२१ या आर्थिक वर्षात माणसे उतरवणाऱ्या चांद्रयानासाठी नासाने सुमारे ३.४ अब्ज मागितले. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिले ८५ कोटी. दोन कंपन्या निवडायच्या, म्हणजे एकीचे यान फसले तरी दुसरी असेल, असा बेत होता. पैसाच चतुर्थांश आला, तेव्हा १६ एप्रिल २०२१ रोजी एकट्या स्पेसएक्सला २.८९ अब्जांचे कंत्राट मिळाले. हरलेल्यांनी लेखा कार्यालयाकडे दाद मागितली, काम थांबले आणि ३० जुलैला तक्रार फेटाळली गेली. मग ब्लू ओरिजिन न्यायालयात गेली आणि ४ नोव्हेंबरला तिथेही हरली. तिला दुसऱ्या यानाचे ३.४ अब्जांचे कंत्राट मिळायला मे २०२३ उजाडला. एका वर्षाच्या तुटपुंज्या तरतुदीने दुसरे यान दोन वर्षे मागे ढकलले.

विधेयक कुठून कुठे जाते आणि कुठे अडते?

अधिकृततेचे विधेयक प्रतिनिधीगृहात विज्ञान, अवकाश व तंत्रज्ञान समितीकडे आणि सिनेटमध्ये वाणिज्य, विज्ञान व परिवहन समितीकडे जाते. समितीत कलमवार दुरुस्त्या, मग सभागृहात मतदान, दोन्हीकडचा मजकूर शब्दशः एक करणे आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांची सही, असा क्रम आहे.

निधीचा रस्ता निराळा आहे. दरवर्षी १२ विनियोजन विधेयके असतात आणि नासा 'वाणिज्य, न्याय, विज्ञान' या विधेयकात बसते. एफबीआय आणि जनगणना खातेही त्याच विधेयकात. त्यामुळे एफबीआयच्या एखाद्या मुद्द्यावर जुंपली की चंद्राचा पैसाही लटकतो. चंद्राशी कुणाचेही वैर नसताना.

बहुतेक विधेयके समितीतच संपतात. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते आणि जुनी प्रलंबित विधेयके आपोआप रद्द होतात. एप्रिल २०१३ मध्ये फ्लोरिडाचे प्रतिनिधी बिल पोझी यांनी एचआर १४४६ मांडले होते: २०२२ पर्यंत चंद्रावर परतायचे आणि तिथे टिकाऊ वावर उभा करायचा. ते समितीतून बाहेरच आले नाही. तेव्हा 'अमेरिकेत चंद्रतळाचे विधेयक मांडले' एवढीच बातमी असेल, तर ती बातमी नव्हे, इच्छा आहे.

विधेयकाचा मजकूर हाती आला तर आधी काय वाचायचे?

प्रस्तावना सोडा. क्रियापदे शोधा.

'शॅल' असेल तर बंधन आहे. 'शुड' असेल तर सल्ला आहे. 'मे' असेल तर मुभा आहे. 'सेन्स ऑफ काँग्रेस' या शीर्षकाखालचा परिच्छेद कितीही भारदस्त वाटला तरी त्याला कायदेशीर वजन नाही. तो ठराव आहे, आपल्याकडे ग्रामसभा करते तसा. चंद्रतळाबद्दलची सगळ्यात सुंदर वाक्ये नेमकी याच शीर्षकाखाली सापडतात.

नंतर आकडा पाहा. ठोस रक्कम आहे की 'आवश्यक असेल तेवढी'? ती कोणत्या वर्षांसाठी? 'निधी उपलब्ध असेल त्या अधीन' हे शब्द दिसले तर वरच्या 'शॅल'ची अर्धी हवा गेली असे समजा.

मग मुदती. '१८० दिवसांत अहवाल सादर करावा' हे जवळजवळ प्रत्येक विधेयकात असते. अहवाल येतात, पण अहवालाने बोल्ट बसत नाही. मुदत चुकली तर काय, हे लिहिले आहे का ते बघा. सहसा नसते.

शेवटी मनाईची कलमे. 'या निधीतील कोणतीही रक्कम अमुक कामासाठी वापरता येणार नाही' अशी ओळ विनियोजन कायद्यात असली, तर ती अधिकृतता कायद्याच्या शंभर पानांपेक्षा भारी पडते. दोन ठळक दाखले खाली आहेत, कॉन्स्टेलेशनचा आणि चीनचा.

तळाला आधीच नाव दिले आहे म्हणतात, ते खरे का?

खरे. २००८ च्या कायद्याच्या ४०४ व्या कलमानुसार चंद्रावरच्या पहिल्या तळातील अमेरिकेच्या भागाचे नाव 'नील ए. आर्मस्ट्राँग लूनर आउटपोस्ट' असेल. बाजारात तुरी, तरी ही तरतूद आजवर कुणी काढलेली नाही.

पण त्याच कलमातली दुसरी तरतूद आमच्या मते या साऱ्या कायद्यांतली सर्वात शहाणी आहे. ती सांगते: तळ टिकवण्यासाठी त्यात माणसे राहिलीच पाहिजेत, अशी कोणतीही योजना नासाने करू नये. तळ दीर्घकाळ दुरून किंवा आपोआप चालवता आला पाहिजे.

यामागचे कारण चंद्रयान-३ पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला, दोन आठवडे उत्तम चालला, ४ सप्टेंबरला त्याला झोपवले आणि रात्र सरल्यावर तो उठला नाही. चांद्ररात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची असते. त्या थंडीत बॅटरीचा विद्युतद्रव गोठतो आणि सर्किटवरचे डाख तापमानाच्या झोक्यांनी तडकतात. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही उंच कड्यांवर ऊन पुष्कळ जास्त दिवस मिळते, पण तिथेही अखंड नाही.

आता यात अंदाजपत्रक मिसळा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नोव्हेंबर २००० पासून सतत माणसे आहेत आणि तिथली कितीतरी दुरुस्ती हाताने होते. चंद्रावर एखादे वर्ष निधी आटला, रॉकेट लांबले आणि तळ रिकामा राहिला तर? हवा शुद्ध करणारी यंत्रणा, पाण्याच्या नळ्या, दाराची सीलबंदी हे सारे कुणी नसताना तग धरायला हवे. ४०४ व्या कलमाने अभियंत्यांवर ओझे टाकले: जास्त हीटर, जास्त सेन्सर, दुरून फिरणाऱ्या झडपा. वजन वाढते, खर्च वाढतो. पण काँग्रेसला स्वतःचा स्वभाव माहीत असावा, म्हणून तिने तळाला उपाशी राहायची सवय आधीच लावून ठेवली.

कायद्यात रॉकेटचा आकारही लिहितात?

२०१० मध्ये लिहिला. 'स्पेस लाँच सिस्टीम', म्हणजे एसएलएस, या रॉकेटने वरच्या टप्प्याशिवाय ७० ते १०० टन आणि वरच्या टप्प्यासह १३० टन किंवा जास्त उचलावे, शटलची कंत्राटे आणि मनुष्यबळ शक्य तिथे वापरावे आणि ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत मुख्य भाग सज्ज करण्याचे उद्दिष्ट ठेवावे. पहिले उड्डाण झाले १६ नोव्हेंबर २०२२ ला. टीकाकार त्याला 'सिनेट लाँच सिस्टीम' म्हणतात.

खर्चाचे म्हणाल तर मार्च २०२२ मध्ये नासाचे महानिरीक्षक पॉल मार्टिन यांनी काँग्रेससमोर सांगितले की पहिल्या चार मोहिमांत एसएलएस आणि त्यावरून जाणाऱ्या ओरायन या माणसांच्या यानाच्या एका उड्डाणाला ४.१ अब्ज लागतील. तळ म्हणजे वारंवार सामान नेणे. त्या दराने रसद पोहोचवता येत नाही. म्हणून सामानासाठी खासगी याने आणि माणसांसाठी एसएलएस अशी विभागणी झाली. कायद्यात यंत्र लिहिले की ते बदलायला पुन्हा कायदाच लागतो. क्षमता लिहिली असती तर मार्ग मोकळा राहिला असता.

निधीचे विधेयक वेळेत झाले नाही तर?

आपल्या लेखानुदानासारखी तात्पुरती सोय करतात. मागच्या वर्षीच्या दराने खर्च चालू राहतो, पण सहसा नवे काम सुरू करता येत नाही. चंद्रतळासारख्या कामात दरवर्षी काहीतरी नवे सुरू व्हायचे असते, म्हणून त्याला ही सोय फार टोचते. आणि मागच्या वर्षीच्या अटीही तशाच पुढे येतात.

त्यातून २०१०-११ मध्ये एक विचित्र प्रकार घडला. तेव्हाच्या 'कॉन्स्टेलेशन' कार्यक्रमात चंद्राच्या ध्रुवावर तळ बांधायचे ठरले होते. डिसेंबर २००९ च्या विनियोजन कायद्यात ओळ होती की या निधीतून कॉन्स्टेलेशन बंद करता येणार नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ओबामा प्रशासनाने तो बंद करायचा प्रस्ताव दिला. ११ ऑक्टोबरला सही झालेल्या अधिकृतता कायद्याने नवी दिशा दिली. पण निधी तात्पुरत्या सोयीवर चालला होता आणि ती जुनी ओळ जिवंत होती. परिणामी नासाला जे रॉकेट पुढे उडणारच नव्हते त्यावर महिनोन्‌महिने खर्च करावा लागला. ओळ सुटली १५ एप्रिल २०११ च्या कायद्याने.

राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की काम होते ना?

दिशा मिळते, पैसा मिळत नाही. २० जुलै १९८९ रोजी थोरल्या बुश यांनी चंद्रावर परतायचे, आणि या वेळी तिथे राहायचे, असे जाहीर केले. खर्चाचा अंदाज ५०० अब्जांच्या घरात गेल्यावर काँग्रेसने पाठ फिरवली. धाकट्या बुश यांनी १४ जानेवारी २००४ ला पुन्हा तेच मांडले. ट्रम्प यांचे पहिले अवकाश धोरण निर्देश ११ डिसेंबर २०१७ चे. १८ डिसेंबर २०२५ च्या आदेशात २०२८ पर्यंत माणसे उतरवणे आणि २०३० पर्यंत कायम तळाचे सुरुवातीचे भाग उभे करणे असे लक्ष्य आहे.

आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने फिरवू शकतो. कायदा फिरवायला दोन्ही सभागृहे लागतात.

उलट बाजूही आहे. काँग्रेसने दिलेला निधी राष्ट्राध्यक्षांना मनाला येईल तसा दाबून ठेवता येत नाही; १९७४ च्या कायद्याप्रमाणे तो रद्द करायचा असेल तर काँग्रेसकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि तिच्या अधिवेशनाच्या ४५ दिवसांत मान्यता मिळाली नाही तर खर्च करावाच लागतो.

२०२५ मध्ये चंद्रासाठी नेमका किती पैसा आला?

मे २०२५ च्या प्रस्तावात प्रशासनाला आर्टेमिस-३ नंतर (आर्टेमिस म्हणजे नासाच्या सध्याच्या चांद्रमोहिमांची मालिका) एसएलएस आणि ओरायन थांबवायचे होते आणि गेटवे हे चंद्राभोवती फिरणारे नियोजित स्थानक रद्द करायचे होते. काँग्रेसने नेमके उलटे केले. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या कर-खर्च कायद्यात नासाला सुमारे १० अब्ज मिळाले: आर्टेमिस-४ आणि ५ च्या एसएलएससाठी ४.१ अब्ज, गेटवेसाठी २.६ अब्ज, अवकाश स्थानकाच्या कामकाजासाठी १.२५ अब्ज, नासाच्या केंद्रांतील बांधकामांसाठी १ अब्ज. एसएलएसच्या रकमेला अट आहे की २०२६ ते २०२९ दरवर्षी किमान १.०२५ अब्ज बांधील करायचेच, म्हणजे चार वर्षांत सगळे ४.१ संपतात. मधल्या काळात कुणी मन बदलू नये म्हणून घातलेली ही खुंटी आहे.

ही रक्कम वार्षिक विनियोजनातून नाही, थेट कायद्यातून आली; सिनेटमध्ये साध्या बहुमतावर. यादीत एक गोष्ट शोधून पाहा: चंद्राच्या पृष्ठभागावरच्या निवासासाठी स्वतंत्र ओळ. सापडणार नाही.

चंद्रावर प्लॉट घेता येतो का? ओळखीच्यांकडे प्रमाणपत्र आहे.

नाही. १९६७ च्या अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार कोणताही देश चंद्राचा तुकडा आपला म्हणू शकत नाही आणि ज्या देशाची मालकी नाही तो सातबारा देऊ शकत नाही. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायला हरकत नाही.

जमीन कुणाची नाही, मग तिथून काढलेले पाणी कुणाचे?

इथे देशादेशांत खरा वाद आहे. ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे. ९ ऑक्टोबर २००९ ला नासाने रॉकेटचा रिकामा टप्पा कॅबियस विवरात आदळवला आणि उडालेल्या धुरळ्यात सुमारे १५५ किलो पाणी मोजले; मातीत पाण्याचे प्रमाण वजनाने ५.६ टक्क्यांच्या आसपास निघाले. त्याच्या दोनच आठवडे आधी चंद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या होत्या. पाणी म्हणजे पिणे, श्वास आणि विघटन केले तर इंधन. ते पृथ्वीवरून न्यायचे ठरवले तर तळ परवडतच नाही.

२५ नोव्हेंबर २०१५ च्या अमेरिकी कायद्याने उत्तर दिले: अमेरिकी नागरिकाने किंवा कंपनीने व्यावसायिक रीतीने काढलेले अवकाशातले निर्जीव द्रव्य, पाणी धरून, त्याच्या मालकीचे; ते बाळगावे, न्यावे, वापरावे, विकावे. सोबत स्पष्ट केले की यातून अमेरिका कोणत्याही खगोलावर सार्वभौमत्व सांगत नाही. समुद्र कुणाचा नाही, पण जाळ्यात आलेला बांगडा कोळ्याचा, असा हा युक्तिवाद. लक्झेंबर्गने २०१७ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये असेच कायदे केले. १९७९ चा चंद्र करार मात्र ही संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा मानतो, पण अमेरिका, रशिया, चीन यांपैकी कुणीही त्यात नाही.

नियम कागदावर राहू नये म्हणून नासाने २०२० मध्ये चार कंपन्यांशी चंद्राची माती विकत घेण्याचे करार केले: ५० ते ५०० ग्रॅम माती गोळा करायची, फोटो पाठवायचा, मालकी नासाला द्यायची. माती तिथेच राहिली तरी चालेल. लूनर आउटपोस्ट नावाच्या कंपनीने १ डॉलरची बोली लावली. करारानुसार १० टक्के आगाऊ द्यायचे होते, म्हणून तिला १० सेंटचा धनादेश मिळाला. हसू येते, पण उद्देश मातीचा नव्हताच. चंद्रावरच्या द्रव्याची खरेदी-विक्री होऊ शकते असा पायंडा पाडायचा होता.

शेजारी दुसऱ्या देशाचे यान उतरले तर? 'सुरक्षा क्षेत्र' म्हणजे काय?

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे इंजिनाच्या झोताने उडालेला कण कुठेही न अडता दूरवर जातो. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ हे सर्व्हेयर-३ या जुन्या यानापासून सुमारे १६० मीटरवर उतरले. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचे काही भाग परत आणले, तर त्यांवर वाळूच्या फवाऱ्याने घासल्यासारखे डाग आणि बारीक खड्डे होते. अपोलोचे यान छोटे होते. आता याच्या कित्येक पट जड याने येणार आहेत आणि शेजारी सौरपट्ट्या, रेडिएटर, खिडक्या असणार आहेत.

म्हणून १३ ऑक्टोबर २०२० ला आठ देशांनी सही केलेल्या आर्टेमिस करारात सुरक्षा क्षेत्राची कल्पना आहे: कुठे, काय, किती काळ काम चालू आहे ते जाहीर करायचे आणि दुसऱ्याने तिथे येण्याआधी समन्वय साधायचा. हे कुंपण नव्हे. १९६७ च्या कराराच्या १२ व्या कलमानुसार चंद्रावरची स्थानके दुसऱ्या सदस्य देशांना परस्पर तत्त्वावर पाहू द्यावी लागतात. आगाऊ सूचना देऊन. चाणाक्ष वकील कुंपण आणि क्षेत्र यांतली रेघ पुसट करतील, ही भीती मात्र खरी आहे.

देशांतर्गत कायदा फक्त वारशापुरता आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या कायद्यामुळे नासाबरोबर काम करणाऱ्यांना अपोलो स्थळांबाबत नासाच्या शिफारशी पाळाव्या लागतात. २०११ च्या शिफारशींत उतरण्याचे ठिकाण २ किलोमीटर दूर ठेवायचे, अपोलो-११ भोवती ७५ मीटर आणि अपोलो-१७ भोवती २२५ मीटर पाऊल टाकायचे नाही, असे आहे.

खासगी कंपनीला चंद्रावर काम करायला परवाना कोण देतो?

उड्डाण आणि परतीचा परवाना हवाई वाहतूक खाते, म्हणजे एफएए, देते. त्यात यानातल्या सामानाची तपासणी होते: सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता, मालमत्ता, राष्ट्रीय सुरक्षा, परराष्ट्र धोरण आणि आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या. रेडिओ लहरींचा परवाना वेगळा. पण चंद्रावर उतरल्यावर खणणे, बांधणे, विकणे यांवर देखरेख करणारे एक ठरलेले कार्यालय कायद्याने नेमलेले नाही. १९६७ च्या कराराचे सहावे कलम तर सरकारवर खासगी कामांची 'सातत्याने देखरेख' टाकते. हे भगदाड बुजवण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालू आहेत. कोणते खाते करणार यावरच घोडे अडते.

जानेवारी २०२४ मध्ये ते उघडे पडले. पेरेग्रिन या खासगी चांद्रयानात माणसांच्या अस्थी होत्या आणि चंद्र पवित्र मानणाऱ्या नवाहो लोकांनी हरकत घेतली. तपासणीच्या यादीत त्या हरकतीला बसायला जागाच नव्हती. यान इंधनगळतीमुळे चंद्रापर्यंत पोहोचलेच नाही, प्रश्न तसाच राहिला.

तळावर अणुभट्टी चालेल का?

चालेल, चंद्रावर अण्वस्त्रे आणि लष्करी तळ यांना मनाई आहे, वीजनिर्मितीला नाही. २०२५ मध्ये नासाने किमान १०० किलोवॅटच्या भट्टीचे लक्ष्य ठेवले आणि डिसेंबरच्या आदेशात ती २०३० पर्यंत उड्डाणासाठी तयार हवी असे आहे. १०० किलोवॅट म्हणजे महावितरणचा शेतावरचा १०० केव्हीएचा डीपी देतो साधारण तेवढीच वीज. पण ती चौदा दिवसांच्या रात्रीतही अखंड हवी.

उड्डाणाची मंजुरी ऑगस्ट २०१९ च्या निर्देशानुसार तीन स्तरांत होते. कमी समृद्ध युरेनियम असेल तर मधल्या स्तरात काम भागू शकते, जास्त समृद्ध असेल तर थेट राष्ट्राध्यक्षांची मंजुरी लागते. रचनाकार इंधन निवडताना वजनाइतकाच हा मुद्दा पाहतात. भट्टी चंद्रावर पोहोचेपर्यंत सुरू करत नाहीत, कारण न पेटवलेल्या युरेनियमचा किरणोत्सार अगदी कमी असतो. तो भट्टी सुरू झाल्यावर वाढतो.

तळावर मारामारी झाली तर कोणत्या देशाचे पोलीस?

ज्या देशाने तो भाग नोंदवला त्याची हुकमत त्या भागावर आणि त्यातल्या माणसांवर राहते. अनेक देशांचे भाग जोडलेले असतील तर वेगळा करार लागतो, अवकाश स्थानकासाठी १९९८ मध्ये केला तसा. कॅनडाने २०२२ मध्येच आपल्या फौजदारी कायद्याची व्याप्ती गेटवे आणि चंद्रापर्यंत वाढवून ठेवली. नुकसानीचे गणित मात्र वेगळे: पृथ्वीवर तुकडा पडला तर दोष असो-नसो भरपाई, चंद्रावर दोष सिद्ध करावा लागतो. साक्षीदार कुठून आणणार, हा प्रश्न वकिलांवर सोडू.

आणि घड्याळ? त्यालाही नियम लागतो म्हणे.

लागतो. चंद्रावर गुरुत्व कमी, त्यामुळे तिथले घड्याळ पृथ्वीच्या मानाने दिवसाला सुमारे ५८.७ मायक्रोसेकंद पुढे जाते. प्रकाश तेवढ्यात १७ किलोमीटरहून जास्त कापतो, म्हणजे एका दिवसात दिशादर्शनाची तेवढी चूक. एप्रिल २०२४ मध्ये व्हाइट हाउसने नासाला २०२६ अखेरपर्यंत चांद्रवेळेची पद्धत ठरवायला सांगितले.

चीनशी मिळून एकच तळ का नाही?

२०११ पासून विनियोजन कायद्यांत येत असलेली 'वुल्फ दुरुस्ती' नासाला चीनशी द्विपक्षीय सहकार्यावर पैसा खर्च करू देत नाही; अपवादासाठी एफबीआयचे प्रमाणपत्र लागते. ही ओळ दरवर्षी नव्याने घातली जाते, म्हणजे एखाद्या वर्षी गाळली तर संपली. आजवर कुणी गाळली नाही. चीनने २०२१ मध्ये रशियाबरोबर स्वतंत्र चांद्रसंशोधन स्थानकाचा करार केला आणि २०३५ च्या सुमारास त्याचे मूळ रूप उभे करण्याचे ठरवले.

भारताचे काय?

भारताने २१ जून २०२३ ला आर्टेमिस करारावर सही केली, २७ वा देश म्हणून. हा बंधनकारक तह नाही. १९६७ च्या कराराला भारताने १९८२ मध्ये मान्यता दिली आणि तो बंधनकारक आहे. चंद्र करारावरही १९८२ मध्ये सही केली, मान्यता दिली नाही.

देशात अवकाशासाठी सर्वसमावेशक कायदा नाही. २०१७ मध्ये अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला होता, तो संसदेत संमत झाला नाही. आहे ते २०२३ चे भारतीय अवकाश धोरण. त्यात खासगी संस्थांनी काढलेले अवकाशातले द्रव्य बाळगणे, नेणे, वापरणे, विकणे यांचा हक्क दिला आहे, शब्द जवळपास अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्याचेच. फरक एवढा की धोरणावर न्यायालयात मालकी सिद्ध करणे अवघड आणि विमा कंपनी धोरण वाचून हप्ता ठरवत नाही. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचे लक्ष्य आहे. त्याआधी परवाना कुणाचा, नुकसानभरपाईची कमाल मर्यादा किती आणि सरकारने भरलेली भरपाई कंपनीकडून कशी वसूल करायची, एवढ्या तीन गोष्टी तरी कायद्यात याव्या लागतील. संसदेला त्यासाठी वेगळा अधिकार शोधायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संविधानाच्या २५३ व्या अनुच्छेदात आहे.

बातम्यांच्या गर्दीत कोणत्या तारखांवर लक्ष ठेवायचे?

फेब्रुवारीचा पहिला सोमवार: राष्ट्राध्यक्षांचे अंदाजपत्रक येण्याची ठरलेली तारीख, बहुधा चुकते. उन्हाळा: विनियोजन उपसमित्यांचे मसुदे, नासाचे पान काढून 'एक्सप्लोरेशन' शीर्षाखालचा आकडा मागच्या वर्षाशी ताडून पाहा आणि सोबतचा समितीचा अहवालही वाचा, कारण कुठल्या यंत्राला किती ते तिथे फोडून दिलेले असते. ३० सप्टेंबर: आर्थिक वर्षाचा शेवट, त्या रात्री पूर्ण विधेयक झाले की तात्पुरती सोय, ते पाहा. आणि विषम सालातला ३ जानेवारी: त्या दिवशी दुपारी जुनी काँग्रेस संपते आणि तिच्या टेबलावर राहिलेली सगळी चंद्रविधेयके रद्दीत जातात.